रोजच्या तीन बाटल्या

पाण्याची बाटली दिसली की मला अजूनही राग येतो. ऑफिसात कुणी टेबलावर बाटली आपटून ठेवली आणि "मॅडम, दिवसाला तीन लिटर पाणी गेलंच पाहिजे हं पोटात" असं ज्ञान पाजळलं, की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी काही बोलत नाही. एक बोलले तर सगळंच बोलावं लागेल, आणि लंच टाइम अर्ध्या तासाचा असतो.

माझी आय पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. आम्ही उरणकडची, खाडीकाठची कोळी माणसं. बाबा लवकर गेले. आयने पाटी डोक्यावर घेतली आणि मला बी.कॉम. केलं. मी बेलापूरच्या एका ऑफिसात क्लार्क म्हणून चिकटले, खांदा कॉलनीत वन रूम किचन घेतलं आणि आयला तिथे घेऊन आले. लग्न केलं नाही. त्याचं दुःख आयला होतं, मला कधीच नव्हतं. फ्लॅटमध्ये आली तरी तिने बाजार सोडला नाही. पहाटे पाचला ती निघणार, उरणहून टेम्पो आला की आपल्या पाट्या उतरवून घेणार, आणि माल संपेस्तोवर आपल्या जागेवर बसणार. दोन वाजायचे, कधी तीन.

ती जागा तिच्या सासूची होती. आमच्या बायकांत जागा अशीच येते, सासूकडून सुनेकडे. जागेबरोबर सासूचे नियमही येतात. त्यातला पहिला नियम, भरल्या पाटीवरून उठायचं नाही. उठलात की गिऱ्हाईक शेजारणीकडे वळलं, आणि शेजारणीची फळी वीतभर तुमच्याकडे सरकली. म्हणून सकाळी निघताना अर्धा कप चहा, मग तोंडात पान-तंबाखू, आणि थेट दुपारी घरी येऊन पाणी. त्यांच्यातल्या सगळ्याच अशा होत्या. मला वाटायचं, सवय आहे. उंटासारखी सवय झालीय यांना.

आयला मुतखडा पहिल्यांदा झाला तेव्हा मी कॉलेजात होते. कुळथाचं कढण झालं, पानफुटीची पानं चावून झाली. खडा पडला. पुन्हा झाला. पुन्हा पडला. असं किती वेळा झालं याचा हिशोब कुणी ठेवला नाही, कारण आय कळ आली तरी कमरेला पदर आवळून पाटीवर बसायची. सव्वीस जुलैच्या पुराच्या आदल्या वर्षी ती बाजारातच आडवी झाली आणि सोनोग्राफी करावी लागली. उजवी किडनी कधीच बंद पडली होती. आत खडे आणि पू. ती काढूनच टाकली.

"येक हाय ना?" आय म्हणाली. "माज्या सासूला येकच डोला व्हता, तरी रुपयाची नोट वलखायची."

मीही हसले. एक आहे ना, असंच मलाही वाटलं.

पुढे तीन-चार वर्षांनी डावीकडे दुखायला लागलं. पहिल्या डॉक्टरने एक्स-रेची फिल्म उजेडाला धरली, खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पूर्ण भरलीय खड्यांनी. ही पण जाणार. डायलिसिसची मानसिक तयारी ठेवा." मानसिक तयारी! जणू काही सहलीला निघायचं होतं. मी त्याच्या टेबलावरून फिल्म उचलली आणि जिना उतरले. खाली येऊन रिक्षा स्टँडजवळ उभी राहून रडले. आय म्हणाली, "रडतंस कशाला गो? तुना भूक लागली आसल." आणि तिने मला वडापाव घेऊन दिला.

ऑफिसातल्या एका बाईंनी नवीन पनवेलमधल्या एका म्हाताऱ्या सर्जनचं नाव सांगितलं. पांढरे केस, जाड चष्मा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी फिल्म वीस मिनिटं बघितली. वीस मिनिटं! मग आयलाच जवळ बोलावलं.

"मावशी, हा बघा तुमचा खडा. आल्याच्या गड्ड्यासारखा पसरलाय. दुर्बिणीने काढायचा तर तीन-चार भोकं पाडावी लागतील, तरी कोपऱ्यातले तुकडे राहतील. आणि किडनी तुमची एकच. मला ती काढायची नाहीये, वाचवायचीय."

"कशी?"

"उघडून. रक्त न सांडता उघडायची एक रेघ असते तिच्यावर. पण त्या वेळी तिचा रक्तपुरवठा बंद ठेवावा लागतो. रक्त नाही म्हणजे ती मरणार. म्हणून तिच्या चहूबाजूंनी बर्फ भरायचा. बर्फात असली की ती थोडा वेळ टिकते. तेवढ्यात खडे काढायचे, शिवायचं आणि रक्त सोडायचं."

आय एकदम सरसावून बसली. इतक्या वर्षांत डॉक्टर लोकांच्या बोलण्यातलं तिला समजलेलं हे पहिलंच वाक्य असणार.

"बरफ बारीक घ्या, डॉक्टर. मोटा खडा लागला का मास कालं व्हतं."

"बारीकच घेतो, मावशी. चुरा करून."

"किती वेल ठेवनार?"

"अर्धा तास. फार तर पाऊण."

"मंग काय नाय व्हत," आय म्हणाली. पापलेट घ्यायला आलेल्या नवख्या गिऱ्हाइकाला धीर द्यावा तसं म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा मोठा डॉक्टर, आणि ही त्याला मासळीचं शिकवतेय. खरं सांगते, किडनीपेक्षा त्या क्षणी मला तिच्या बोलण्याची लाज जास्त वाटली. खोटं कशाला लिहू?

ऑपरेशन साडेचार तास चाललं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक प्लॅस्टिकची डबी होती, तिच्यात पिवळट तपकिरी तुकडे, मोठे-छोटे, मूठभर. "सगळे निघाले," ते म्हणाले. "रक्त सोडल्यावर किडनी लगेच गुलाबी झाली. लघवी यायला लागलीय." मी त्यांच्या पाया पडले. आयुष्यात देवाशिवाय कुणाच्या पाया पडले नव्हते. आयने ती डबी पुढे बाजारात नेऊन सगळ्यांना दाखवली. "बगा, माज्या पोटातला माल! वाटा कितीला देऊ?"

घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "माझं काम मी केलं. किडनी वाचवली. आता ती राखायची तुम्ही. दिवसाला तीन लिटर पाणी. मला आळस चालणार नाही. ही गेली तर बदलीला दुसरी नाही, मावशी."

आता हा माझा प्रांत होता. मी ऑफिसात फायली सांभाळते, एक कागद इकडचा तिकडे होऊ देत नाही. मी एक-एक लिटरच्या तीन बाटल्या आणल्या. रात्री पाणी उकळायचं, गार करायचं, गाळायचं, भरायचं. चार महिने आय घरी होती, माझ्या धाकाने प्यायली. रिपोर्ट इतके छान आले की डॉक्टरांनी आयच्या पाठीवर थाप मारली. मग ती बाजारात जायला लागली. मी तिच्या पिशवीत तिन्ही बाटल्या घालायची आणि संध्याकाळी ऑफिसातून आले की आधी बाटल्या बघायची. तिन्ही रिकाम्या. कॅलेंडरवर टिकमार्क. दोन वर्षं एकही दिवस चुकला नाही. मला स्वतःचा इतका अभिमान होता की शेजारच्या वहिनींना कॅलेंडर दाखवायची.

ऑपरेशनला दीड वर्ष झालं तेव्हाच सोनोग्राफीत पुन्हा बारीक खडे दिसले.

"मावशी, पाणी कमी पडतंय," डॉक्टर म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कमी कसं पडेल, डॉक्टर? मी स्वतः भरून देते. तीन लिटर. रिकाम्या बाटल्या मोजून घेते मी! तुमच्या औषधातच काहीतरी कमी असेल."

आय खाली फरशीकडे बघत मूग गिळून बसली होती. मला वाटलं, मी डॉक्टरांना उलटून बोलले म्हणून ती ओशाळली.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमा करून आणा. मोजू."

घरी आल्यावर मी म्हटलं, उद्याच करू. आय म्हणाली, "उद्या बाजार हाय. बाजारात काय कॅन घेऊन बसू? सोमवारी करू, सोमवारी मासलीला गिऱ्हाईक नसतं, तवा मी घरी."

आणि मी हसले. बाई गं, मी हसले! तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. तिने सगळं सांगून टाकलं होतं, आणि मी कॅनवर नाव लिहायला पेन शोधत होते.

सोमवारी ती घरी होती. दिवसभर पाणी प्यायली, कॅन भरला. रिपोर्ट उत्तम. पाणी भरपूर आहे तरी खडे होतात म्हटल्यावर डॉक्टर बुचकळ्यात पडले. त्यांनी धरलं की हे इन्फेक्शनचे खडे असणार, आणि गोळ्या बदलल्या. त्यांची काय चूक? त्यांच्यापुढे मी होते ना, कॅलेंडर घेऊन साक्ष द्यायला.

पुढच्या वर्षात दोनदा थंडीताप भरून आयला ॲडमिट केलं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढत चाललं, म्हणजे किडनी थकत चालली. डॉक्टरांनी एक तपासणी लिहून दिली, दुपारी बारापर्यंत या म्हणाले. मी हाफ डे घेतला आणि तिला आणायला थेट बाजारात गेले.

आता हेही सांगून टाकते. त्या बाजारात मी अकरा वर्षांनी पाऊल टाकत होते. कॉलेजात असताना एका मैत्रिणीने माझी वही हुंगून नाक मुरडलं होतं, त्यानंतर मी तिथे गेले नाही. आय मासळी घरी आणायची, मी खायची. ती कुठे बसते, कशी बसते, कोण तिच्या शेजारी आहे, हे बघायला मी गेले नाही. माझ्या अंगाला वास लागू नये म्हणून.

ओळीच्या टोकाला उभी राहून मी तिला शोधत होते. ती दिसली. तिसरी जागा, गुडघा वर घेतलेला, हातात कोयती. गिऱ्हाईक वाकून पापलेट बघत होतं. आयने मागे हात घातला, पिशवीतून माझी बाटली काढली, झाकण दाताने उघडलं आणि ते उकळून गार केलेलं, गाळलेलं पाणी पापलेटांवर एका धारेत ओतलं. मासे चमकले. गिऱ्हाईक म्हणालं, "ताजे आहेत हो मावशी." आयने रिकामी बाटली परत पिशवीत ठेवली.

दुसरी बाटली आधीच रिकामी होती. तिसरी तिने माझ्यासमोर सुरमईवर ओतली.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. भर बाजारात, सगळ्यांसमोर, ऑफिसच्या साडीत. एवढं आठवतंय की "मारायचंय का तुला स्वतःला?" असं म्हणाले आणि बाटली हिसकावून आपटली. 

आय म्हणाली, "वरडू नको. गिऱ्हाईक हाय."

"दोन वर्षं! दोन वर्षं तू मला फसवलंस, आय!"

"तू येवरा उकलून-गालून देतंस. फेकून कसा देऊ? मासली तरी चांगली ऱ्हायली."

तिच्या शेजारी तीस वर्षं बसलेली एक म्हातारी होती. ती कोयती खाली ठेवून उठली. भरल्या पाटीवरून उठली. माझ्या मनगटाला धरलं, हात मासळीने ओला होता. "चल," म्हणाली. "तुना दाखवतंय. शिकलेली हायस ना? बग."

बाजाराच्या मागच्या अंगाला संडास होता. पुरुषांची बाजू उघडी, वास डोळ्यांत जाईल असा. बायकांच्या बाजूला दार, दाराला कुलूप. फटीतून बघितलं तर आत छतापर्यंत थर्माकोलचे खोके रचलेले.

"कंत्राटदाराचं सामान हाय," म्हातारी म्हणाली. "आठ-नव वर्सं झाली. चावी कोनाकडं, ठावं नाय. आता तू सांग. तुजी आय तीन बाटल्या पानी प्याली, तर जाईल कुठं? त्या बाप्यांच्या समोर बसंल?"

मी कुलूप ओढून बघितलं. ऑफिसातल्या लेडीज टॉयलेटची कडी निखळली होती तेव्हा मी थेट साहेबांच्या केबिनमध्ये घुसून भांडले होते. सगळ्या बायकांच्या सह्या घेतल्या होत्या. बायकांच्या आरोग्याचा प्रश्न आहे म्हणाले होते, आणि दुसऱ्या दिवशी सुतार आला होता. आणि घरी मी माझ्या आयला रोज तीन लिटर पाणी भरून देत होते. तेवढं पाणी पोटात गेलं तर ती जाणार कुठे, हे मी एकदासुद्धा विचारलं नाही.

परत येताना रिक्षात मी म्हटलं, "मला सांगायचंस तरी."

"सांगितला आसता तर तू मना घरी बसवली आसतीस."

बसवलीच असती. तेही खरं.

आयला जागा सोडायची नव्हती, मग मी कुलपाच्या मागे लागले. अर्ज लिहिला. आमच्या ओळीतल्या बायकांचे अंगठे आणि सह्या घेतल्या. नगरपालिकेच्या खिडकीवरच्या माणसाने "बघू" म्हटल्यावर मी तिथेच खुर्ची ओढून बसले आणि संध्याकाळी पुन्हा गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठ दिवसांत कुलूप निघालं. आठ दिवसांत! खोके गेले, नळ आला, आतून कडी आली. बायकांनी मला पानाचा विडा दिला, पाठीवरून हात फिरवले. मी तिथे उभी राहून मनात म्हणत होते, आठ दिवसांचं काम होतं गं. दोन वर्षांपूर्वी एकदा इथे आली असतीस तर.

आयने तो संडास एकदाही वापरला नाही. त्याच महिन्यात ती ॲडमिट झाली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी पुन्हा फिल्म वीस मिनिटं बघितली. या वेळी त्यांनी आयला नाही, मला जवळ बोलावलं. किडनीत आता वाचवण्यासारखं उरलं नव्हतं. मी त्यांना बाटल्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चूक माझीही आहे. किती पाणी प्यायचं ते मी सांगितलं. दिवसभर कुठे बसता, ते विचारलं नाही." मला त्यांनी दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

मग डायलिसिस. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास. आयचा हात सुयांनी काळानिळा झाला, फुगला. जागेवर म्हातारीची सून बसायला लागली. आयनेच तिला बसवलं, आणि स्वतः रडली. ऑपरेशनला रडली नव्हती.

आणि आता पाणी बंद. लघवी जवळजवळ होतच नाही, म्हणजे प्यायलेलं सगळं अंगात साठणार, छातीत चढणार. दिवसाला दोन पेले, औषधाच्या गोळ्यांसकट. मी पेल्यावर खूण केली. फ्रिजला कुलूप लावायची वेळ आली, कारण ती मी ऑफिसात असताना बाटली तोंडाला लावायची. इतकी वर्षं पी, पी म्हणून जिच्यावर ओरडले, तिच्यावर आता मी नको पिऊस म्हणून ओरडत होते. चैत्र-वैशाखात तिची जीभ टाळूला चिकटायची. ऑफिसातून आले की ती माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघायची. नर्सने सांगितलं होतं, फारच झालं तर बर्फाचा लहान तुकडा तोंडात ठेवा, पाण्यापेक्षा बर्फ जास्त वेळ पुरतो. हे आयला सांगायची गरज नव्हती.

तिला उठवेना म्हणून मी तिची खाट आतल्या दाराशी आणली. संडास तिथून चार पावलांवर. आत नव्या पांढऱ्या टाइल्स लावल्या, धरून उठायला भिंतीला स्टीलची दांडी बसवली, दिवा लावला. एका दुपारी मी तिच्या पायथ्याशी बसले होते. ती त्या उघड्या दाराकडे बराच वेळ बघत होती.

"बाय," ती म्हणाली, "येवरा चांगला संडास, आन मना जायाचाच नाय."

आणि ती हसली. खरंच हसली, बाजारात हसायची तशी. मला ते सहन झालं नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले, बर्फाचा ट्रे आपटला, एक खडा घेतला आणि बत्त्याने बारीक केला. त्यातला एक तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. तिने डोळे मिटले. तोंड हलवलं नाही, विरघळू दिला. मग डोळे उघडून तिने पुन्हा तोंड उघडलं.

वाटीत बर्फ उरला होता. मी वाटी मागे लपवली.

"संपला, आय," मी म्हटलं.